कोऱ्या डोळ्यांचं सोंग

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती ते विचारू नका. मी सांगेन तो आकडा माझ्या आजोबांचा, आणि आजोबा आकड्यांच्या बाबतीत हात जरा सैल सोडत. एवढं मात्र नक्की, की तेव्हा आपल्या सावरखिंडीतून बैलगाडी जात नव्हती आणि अख्ख्या गावात आरसे दोनच होते. एक पाटलाच्या घरी, दुसरा न्हाव्याच्या धोपटीत. बाकीच्यांना आपलं तोंड कसं दिसतं ते शेजाऱ्याला विचारावं लागे, आणि शेजारी काय सांगतो हे तुम्हाला ठाऊकच आहे.

त्या गावात लहानू नावाचा माणूस होता. तो बोहाड्याची सोंगं करायचा. बाहेरगावचे पाहुणे बसले आहेत म्हणून सांगतो, होळी उलटली की आमच्याकडे बोहाडा होतो. सोंग म्हणजे तोंडावर चढवायचा मुखवटा. गणपतीचं सोंग, नारदाचं सोंग, रावणाचं, कुंभकर्णाचं. संबळ वाजतं, पिपाणी वाजते आणि एकेक सोंग नाचत अंगणात येतं. सगळ्यांच्या शेवटी, उजाडता उजाडता, देवी येते. देवी आली नाही तर बोहाडा पुरा झाला असं कोणी मानत नाही.

लहानूची सोंगं लाकडाची नव्हती, चिंध्यांची होती. आधी मातीचा चेहरा घडवायचा. मग घरोघर फिरून जुनेर मागायचं, त्याच्या चिंध्या करायच्या, चिंचोक्याच्या खळीत बुडवून थरावर थर चढवायचे. उन्हात वाळलं की आतली माती फोडून काढायची. वरून खडू, गेरू, हळद, काजळ. डोळे सगळ्यांत शेवटी, तेही सकाळच्या उन्हात. त्याला डोळे उघडणं म्हणतात. डोळे उघडेपर्यंत ती चिंधी, उघडल्यावर देव. मग त्याला पाय लागला तर नमस्कार करायचा.

लहानूने लग्न केलं नव्हतं. कामात राहून गेलं, असं तो म्हणे. त्याची चुलतबहीण ठकू शेजारच्याच घरात दिलेली, तिला एकच मुलगी, मंजुळी. ही मंजुळी चालायला लागल्यापासून लहानूच्या ओट्यावर. ती त्याला मामा म्हणे, म्हणून तिच्या मैत्रिणी मामा म्हणू लागल्या, त्यांचं ऐकून त्यांच्या आया, आणि शेवटी लहानूपेक्षा वीस वर्षांनी मोठा असलेला पाटीलसुद्धा, "काय मामा, यंदा काय बेत?" असं विचारू लागला. एका पोरीने सगळ्या गावाला भाचरं करून टाकलं.

एकदा लहानू राक्षसाचं सोंग करत होता. सुळे झाले, लाल जीभ झाली. मंजुळी बघत होती. ती म्हणाली, "मामा, राक्षसाला आई नसती का?"

"असंल की."

"मग तिला हा कसा दिसत असंल?"

लहानूने हातातली चिंधी खाली ठेवली. त्या दिवशी त्याने पुढचं काम केलं नाही. त्या वर्षी राक्षस अंगणात आला तेव्हा तो भयंकर तर होताच, पण त्याच्या ओठाच्या एका कोपऱ्यात घर चुकलेल्या पोराचं रडू होतं. बायकांनी त्याच्यावरून मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. राक्षसाची दृष्ट काढणारं गाव तुम्ही दुसरं कुठं पाहिलंय का? आपल्याकडे अजून काढतात.

मामाची करामत अशी, की एकदा पाहिलेला चेहरा तो विसरत नसे. आणि सोंगांत तो गावचे चेहरे घालायचा. नारदाला त्याने भिकू गुरवाचं हसू दिलं. भिकू वारून तेव्हा चार वर्षं झाली होती. नारद नाचत अंगणात आला आणि भिकूचं म्हातारं कुत्रं, जे चार वर्षं कोणाच्या दारात गेलं नव्हतं, ते गर्दीतून वाट काढत आलं आणि नारदाच्या पायाशी पोट टेकून बसलं. नाचणाऱ्याला पाऊल उचलता येईना. संबळवाल्याने हात थांबवला. असं म्हणतात, की त्या दिवसापासून लोक बोहाड्याला देव बघायला कमी आणि आपली गेलेली माणसं बघायला जास्त येऊ लागले.

खोड्याही तो भरपूर काढायचा. कुंभकर्णाला त्याने पाटलाचं नाक लावलं. नाक म्हणजे काय, अख्खा बटाटा. सोंग आलं आणि गाव पोट धरून हसलं. पाटील आठ दिवस फुगून बसला. आरशात बघायचा आणि फुगायचा. पुढच्या वर्षी होळीच्या आधी त्याचा निरोप आला, "मामांना सांगा, यंदा नाक जरा आणखी मोठं होऊ द्या. माझे व्याही बघायला येणारेत." असा तो माणूस. ज्याला चिडवी तोही त्याचाच होऊन जाई. त्याच्या ओट्यावर बसून कोणी रिकाम्या हाताने उठलं नाही. कोणाला खळीच्या उरलेल्या गोळ्याची चिमणी मिळे, कोणाला चिंध्यांची बाहुली, आणि ज्याला काहीच नको त्याला स्वतःच्या चालण्याची हुबेहूब नक्कल बघायला मिळे.

मग तापाचं साल आलं. त्या साली गावात अकरा माणसं गेली. मंजुळी सात वर्षांची होती. ती तीन दिवसांत गेली.

मामाने त्या वर्षीही सोंगं केली, कारण बोहाडा चुकवायचा नसतो. पण बाळकृष्णाचं सोंग त्याने केलं नाही. त्या वर्षी नाही आणि त्यानंतरही नाही. कोणी विचारलं तर, "साचा मोडला," म्हणायचा. ठकूबाईने बोहाड्याला येणं सोडलं. संबळ वाजायला लागलं की ती घराचं दार ओढून घेई. लोक तिला समजवायला जात आणि तिच्या ओसरीवर बसून स्वतःच रडून परत येत.

अशी अकरा वर्षं गेली. मामाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. आधी लांबचं धूसर झालं, मग जवळचं. काळा रंग कोणता आणि गेरू कोणता हे तो वास घेऊन ओळखू लागला. त्यातच देवीच्या जुन्या सोंगाला वाळवी लागली. पाटील स्वतः येऊन बसला. म्हणाला, "मामा, बाकीची जुनी चालतील. देवी तेवढी नवी लागंल. जमंल का?"

"एक जमंल," मामा म्हणाला. "एवढं एकच. त्यापुढं माझ्या डोळ्यांचा भरवसा नाय."

ही बातमी गावभर झाली. आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी ठकूबाई मामाच्या ओट्यावर येऊन उभी राहिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"लहानूदादा," ती म्हणाली, "तिचं तोंड गेलं रं."

मामाला कळलं नाही.

"मंजुळीचं. केस आठवत्यात. पायातला वाळा आठवतो. हाक आठवती. तोंड आठवाया गेली की नुसतं धुकं. आठ दिस झालं, झोप नाय मला. मी कसली आई? तू सगळ्या गावाची तोंडं केलीस. माझ्या पोरीचं नाय केलंस."

मामा म्हणाला, "नाय केलं. केलं असतं तर तू ते छातीशी धरून बसली असतीस, आणि माणसांतनं उठली असतीस. ती भीती वाटली." आणि मग हळूच म्हणाला, "आणि माझ्यानं झालंच नसतं, ठके."

आता पेच बघा. डोळे एका सोंगापुरते उरलेले, आणि ते सोंग देवीचं, अख्ख्या गावाला शब्द दिलेलं. मामाने फार विचार केला नाही. म्हणाला, "देवीलाच तिचं तोंड देतो. तिचं एखादं वस्त्र हाय का घरी? तिच्याच वस्त्राचं झालं तर तोंड नीट उतरंल."

ठकूबाईकडे एक परकर होता. जांभळा, काठाला पिवळी पट्टी. डाळीच्या रिकाम्या मडक्यात घडी घालून ठेवलेला. अकरा वर्षांत तिने तो धुतला नव्हता.

"पण त्याच्या चिंध्या कराव्या लागतील," मामा म्हणाला. "पुऱ्या परकराच्या."

ती निघून गेली. एक दिवस गेला, दोन गेले. मामा माती कालवून बसून राहिला. ठकूबाई घरात मडक्यापुढे बसून होती. परकर फाडला आणि चेहरा साधला नाही, तर पोरीचं म्हणून जगात काहीच उरणार नव्हतं. आणि ज्याच्या हाती द्यायचा त्याला समोरची पायरी दिसत नव्हती. तिसऱ्या दिवशी ती परकर घेऊन आली. मामाने हात पुढे केला, पण तिने दिला नाही. तिथेच बसली आणि स्वतः फाडला. काठापासून वर, सरळ. तो आवाज शेजारच्या चार घरांत ऐकू गेला. असं म्हणतात, की त्या चार घरांतल्या बायकांनी त्या दिवशी चूल पेटवली नाही.

मामाने सोंग केलं ते बोटांनी. डोळे मिटून करायचा. सात दिवस ओट्यावर कोणाला येऊ दिलं नाही. आठव्या दिवशी, बोहाड्याच्या आदल्या सकाळी, त्याने ठकूबाईला बोलावलं. सोंग रंगवून तयार होतं. डोळे तेवढे कोरे होते. त्याने वरचं फडकं काढलं.

ठकूबाईने पाहिलं आणि ती दोन पावलं मागे सरली.

ते लेकराचं तोंड नव्हतं. ती अठरा वर्षांची भरल्या गालांची बाई होती.

"ही कोण?" ती म्हणाली. "ही माझी मंजुळी नाय! दादा, काय केलंस रं हे! माझा परकर घालवलास!"

मामाने दोन्ही हातांनी सोंग चाचपलं. कपाळ, भुवया, गाल, हनुवटी. पुन्हा चाचपलं. त्याचं तोंड उतरलं. तो म्हणाला, "ठके, मंजुळीच हाय गं. मी तीच केली. रोज ओट्यावर येऊन बसत व्हती ती माझ्या. रोज बोलत व्हती. वाढत व्हती. ती सातचीच राहिली, हे माझ्या ध्यानातच नाय आलं."

ठकूबाई रडत निघून गेली. मामाने तिला हाक मारली नाही. हयातीत एवढी सोंगं केली, पण चूक अशी एकच, आणि ती चूक दुसऱ्या कोणा कारागिराकडून झाली नसती. गेलेली भाची त्याने अकरा वर्षं मनात सांभाळली होती, आणि सांभाळलेलं पोर वाढतंच.

बोहाडा सुरू झाला. गणपती नाचला, नारद नाचला, कुंभकर्ण नाक मिरवून गेला. पूर्वेला फटफटू लागलं. देवीचं सोंग ज्याच्या घराण्याकडे असतं तो रामजी हिरवं लुगडं नेसून, बांगड्या भरून तयार उभा. पाटील मामाच्या ओट्यावर आला. "मामा, देवी कुठंय?"

मामाने ते सोंग पुढे केलं.

"ह्याचं डोळं कोरं हायेत!"

"मला उघडता येत नाय. ज्याचं वस्त्र त्यानं उघडावं. ठकीला सांगा."

पाटील मोठा माणूस, पण त्या पहाटे तो धोतर सावरत ठकूबाईच्या दारापर्यंत पळत गेला. दार आतून लावलेलं. बाहेरूनच म्हणाला, "ठकूबाई, गावाची देवी तुमच्या पोरीच्या वस्त्रावर अडलीय. उघडायचं असंल तर उघडा, नायतर तसं सांगा. मी पायरीवर बसून ऱ्हातो." आणि खरंच पायरीवर बसला. संबळवाल्याचे हात दुखायला लागले, तरी त्याने थांबवलं नाही.

मग दार उघडलं.

ठकूबाई अंगणात आली. लोकांनी वाट दिली. कोणीतरी सोंग तिच्या हातात दिलं, कोणीतरी काजळाची वाटी धरली. उजेड हळूहळू वर येत होता. तिने ते सोंग जवळ घेतलं आणि पहिल्यांदा नीट बघितलं. हनुवटी तिच्या स्वतःच्या आईची होती. डावी भुवई उजवीपेक्षा जराशी वर. भुवई तशी का होती? मंजुळी पाळण्यातून पडली होती म्हणून. हे ती विसरून गेली होती. गालावर खळी होती, एकाच बाजूला. ती खळी पडायची कधी? खोटं बोलताना. गूळ चोरून खाल्ला की, "मी नाय खाल्ला," म्हणायची आणि खळी पडायची.

ठकूबाई हसली. भर गावात, अकरा वर्षांनी, मोठ्याने हसली. "पुढचा दात पडला व्हता तिचा," ती म्हणाली. "जायच्या आधी दोन दिस. जिभेनं चाचपत बसायची." त्या मोठ्या बाईच्या तोंडातून ते लहान तोंड सबंध तिच्यापुढे आलं होतं, दाताच्या फटीसकट.

मग तिने काजळात बोट बुडवलं आणि डोळे उघडले. आधी डावा, मग उजवा. तेवढ्यात डोंगरावरून ऊन आलं. रामजीने सोंग चढवलं आणि देवी अंगणात उतरली. असं म्हणतात, की रामजी तीन पावलं नाचला आणि चौथ्या पावलाला देवी आपण होऊन ठकूबाईसमोर वाकली. रामजी मरेपर्यंत सांगायचा, मी वाकलो नाही, मला वाकवलं. आणखी असंही म्हणतात, की ते सोंग दर वर्षी वयाने वाढत गेलं. ठकूबाई म्हातारी झाली तेव्हा देवीच्या डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या होत्या. आता चिंचोक्याच्या वाळलेल्या खळीला भेगा पडायच्याच, असं आमचे गुरुजी म्हणतात. गुरुजी हुशार आहेत, पण त्यांनी ते सोंग हातात घेतलेलं नाही. मी घेतलंय.

त्यानंतर मामाला काही दिसलं नाही. तो आणखी सहा वर्षं जगला. ओट्यावर बसून असे. पोरं जाऊन त्याच्या पुढ्यात तोंड धरत आणि तो बोटांनी चाचपून सांगे, "तू सखूचा. आणि आज भांडून आलायस." ठकूबाई रोज त्याला ताटात भाकरी मोडून देई, आणि दोघं मिळून मंजुळीला नावं ठेवत बसत. कशी हट्टी होती, कशी लबाड होती. एका सकाळी ती भाकरी घेऊन गेली तेव्हा मामा भिंतीला टेकून बसला होता आणि त्याची बोटं हवेत कोणाचा तरी गाल धरल्यासारखी वर होती. ती बोटं खाली करायला ठकूबाईला फार वेळ लागला.

आणि मग गावाच्या ध्यानात आलं, की मामाचं सोंग नाही. त्याने सगळ्यांची तोंडं केली, स्वतःचं राहिलं. पुढचा बोहाडा आला तेव्हा सगळ्यांनी बसून ते करायचं ठरवलं. माती आणली आणि भांडणं सुरू झाली. एक म्हणे कान मोठे होते, दुसरा म्हणे छे, कान लहान, कपाळ मोठं. पाटील म्हणाला, "नाक मात्र बटाट्यासारखं व्हतं," आणि सगळ्यांच्या आधी तोच रडला. आपल्यावर प्रेम करणाऱ्या माणसाकडे आपण कोणीच धड बघितलं नव्हतं. तो आपल्याला बघत राहिला, आपण आपलं त्याला दाखवत राहिलो.

शेवटी ठकूबाई म्हणाली, "भांडू नगा. ज्याला जेवढा आठवतो त्यानं तेवढा लावा." मग प्रत्येक घराने एक चिंधी आणली आणि आपल्या हाताने चिकटवली. जो चेहरा झाला तो कोणाचाच नव्हता. जरा वाकडा, जरा हसरा. डोळे रंगवायची वेळ आली तेव्हा ठकूबाईने काजळाची वाटी बाजूला सारली आणि डोळ्यांच्या जागी दोन मोठी भोकं पाडली.

ते आपलं मामाचं सोंग. अजून दर वर्षी नवं होतं, घरटी एक चिंधी घेऊन. बोहाड्यात ते सगळ्यांच्या आधी येतं, गणपतीच्याही आधी, आणि गणपतीने आजवर तक्रार केलेली नाही. ते नाचत नाही. अंगणात बसलेल्या माणसांतून हातोहात फिरतं. ज्याच्या हाती येईल त्याने तोंडावर धरायचं आणि शेजारी बसलेल्या माणसाकडे बघायचं. संबळाचे सात ठोके पडेपर्यंत. हसायचं नाही, बोलायचं नाही, नजर काढायची नाही. मग सोंग त्याच्या हाती द्यायचं आणि म्हणायचं, "बघितला." भांडणं असली तर लोक मुद्दाम भांडणाऱ्याच्या शेजारी बसतात. माझ्या सख्ख्या चुलत्यांनी असाच नऊ वर्षांचा अबोला सोडलाय.

मी हे सगळं पोरवयापासून करत आलो, आणि खरं सांगतो, अर्ध्या वेळी सात ठोके कधी पडतात याचीच वाट बघत होतो. गेल्या वर्षी माझ्या शेजारी आमच्या घरातली बसली होती. पारू. ती म्हणाली, "नीट बघा हो, दरसाल तुम्ही माझ्या मागच्या शेळीकडे बघता." म्हणून मी नीट बघितली. नाकात चमकी होती, ती थोडी तिरकी बसलेली. वरच्या ओठावर तीळ होता. चाळीस वर्षांच्या संसारात तो तीळ मला त्या दिवशी दिसला.

श्रावणात ती गेली.

तेव्हा यंदा आमच्या घरची चिंधी तिच्या हिरव्या लुगड्याची आहे. सकाळी मीच फाडली. आता सोंग निघेल, पोरांनो. घोंगड्या आवरा, जवळजवळ सरकून बसा, आणि तुमच्या हाती आलं की सातही ठोके मोजा.